प्रोसेसर गार ठेवायचा, पण त्याला घाम फुटू द्यायचा नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून एक खोली आहे. मे महिन्यात दुपारी तीनला तिथला थर्मामीटर ३७ दाखवतो, आणि त्याच खोलीत माझा संगणक फौंड्रीवाल्यांची कामं रात्रंदिवस चालवत असतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी मी कास्टिंगचं सिम्युलेशन करते. साच्यात ओतलेला लोखंडाचा रस कुठे आधी गोठेल, गोठताना जादा रस पुरवणारा रायझर कुठे बसवायचा, आकसल्यामुळे पडणारी पोकळी, म्हणजे श्रिंकेज, कुठे निघेल, हे पॅटर्न बनवायच्या आधी संगणकावर पाहायचं. एका कामाला नऊ-दहा तास लागतात. त्या वेळात प्रोसेसरचे सोळाही कोर पूर्ण ताकदीने चालतात. सकाळी कारखान्यातून फोन येतो आणि तोवर उत्तर तयार लागतं.

प्रोसेसर नेहमीपेक्षा खूप जास्त गार ठेवणं, याला ‘टोकाचं कूलिंग’ म्हणतात. त्यात मला विक्रमी आकडा नको असतो. जानेवारीत, मे महिन्यात आणि भर आषाढात यंत्र सारखंच चालायला हवं. सहा वर्षांत मी जे शिकले ते इथे करणाऱ्याच्या उपयोगाला येईल अशा तऱ्हेने लिहिते.

आधी एक चूक सांगते, कारण पुढची सगळी रचना तिच्यातून आली.

माझे बाबा आयुष्यभर दूध संकलन केंद्रांवरचे बल्क कूलर दुरुस्त करत आले. करवीर, पन्हाळा, राधानगरी भागातल्या डेअऱ्या त्यांना पाठ आहेत. साधारण ३५ अंशांचं धारोष्ण दूध चार अंशांवर आणायचं, तेही लाइटचा भरवसा नसताना, हा त्यांचा धंदा. २०१९च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघांनी जुन्या डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर घेतला. शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर तांब्याचा इव्हॅपोरेटर, म्हणजे ज्यात वायू उकळून उष्णता ओढून घेतो तो पोकळ ठोकळा, करून घेतला आणि तो थेट प्रोसेसरवर बसवला. आत आर १३४ए वायू. हा वायू साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. लोड असताना तांब्याचा ठोकळा उणे १५ च्या आसपास राहायचा. सात आठवडे यंत्र झकास चाललं. सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेत, वीज न वाहणारं ग्रीस भरलं होतं, भोवती काळा रबरी फोम, मदरबोर्डाच्या पाठीमागेही फोम. बाबा मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होते, “दुधाच्या टाकीला घाम आला तर खाली बादली ठेवतोय आपण. हितं बादली कुठं ठेवणार, पोरी?”

मेच्या शेवटी एका संध्याकाळी वळीव झाला. मी खिडकी उघडी ठेवून मातीचा वास घेत बसले होते. सकाळी बोर्ड मेलेला. उघडल्यावर दिसलं की मागच्या फोममध्ये स्क्रूसाठी मी जे भोक कापलं होतं, तिथून ओली हवा आत गेली होती आणि सॉकेटच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर धरला होता. फोम कापताना दोन मिलिमीटरची फट राहिली होती. ती माझ्या हातची होती.

तेव्हा पहिलं काम म्हणजे दवबिंदू समजून घेणं. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन पृष्ठभागावर बसू लागते, तो दवबिंदू. फ्रीजमधल्या पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला की त्याला घाम येतो तो यामुळेच. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर तोंडी हिशेब असा: शंभरातून आर्द्रता वजा करा, उरेल त्याला पाचाने भागा, आणि तेवढे अंश खोलीच्या तापमानातून काढा. जुलैत खोली २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दहा भागिले पाच, म्हणजे दोन. दवबिंदू २४. जानेवारीच्या सकाळी १८ अंश आणि ६० टक्के असेल तर दवबिंदू १०. कोरड्या मे महिन्यात हा हिशेब चुकतो, पण सुरक्षित बाजूला चुकतो. ३७ अंश आणि २५ टक्क्यांना तो २२ सांगेल, खरा दवबिंदू १४च्या आसपास असतो.

आता वळवाकडे बघा. दुपारी दवबिंदू १४. संध्याकाळी पाऊस पडून गेल्यावर हवा २७ अंश, आर्द्रता ८० टक्के, दवबिंदू २३. दोन-तीन तासांत नऊ अंशांची उडी. दुपारी १८ अंशांवर कोरडा ठणठणीत असलेला पाइप रात्री गळायला लागतो, आणि तुम्ही तर कशालाच हात लावलेला नसतो. कोरड्या मुलखातल्या कुणाचं यंत्र पाहून कोल्हापुरात तसंच बांधायला जाऊ नये, ते यामुळे. पंखा किती मोठा, रेडिएटर किती जाड, याच्या आधी तुमच्या खोलीतली हवा वर्षभर कशी वागते ते लिहून काढा.

आर्द्रता मोजायचं स्वस्त यंत्र खोटं बोलू शकतं, म्हणून ते दोन प्रकारे तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ते ओलसर करा, विरघळू देऊ नका. ते आणि यंत्र एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्के दिसला पाहिजे, फरक पडेल तेवढा कायम वजा किंवा अधिक धरा. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. चकचकीत स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घ्या, त्यात बर्फाचे छोटे तुकडे एकेक करून टाका, थर्मामीटरने हलवत राहा. पेल्याच्या बाहेरून ज्या क्षणी धुरकट थर येतो ते तापमान म्हणजे त्या खोलीचा त्या वेळचा दवबिंदू. यात बॅटरी नाही, सेन्सर नाही. मी अजूनही ऋतू बदलला की एकदा पेला काढते.

आता मार्ग कोणता निवडायचा. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो, ओतत राहावा लागतो, काही मिनिटांच्या विक्रमाला ठीक. रोजच्या कामात त्याचा विचारही करू नका. पेल्टियर प्लेट, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी पट्टी, दिसायला सोपी असते, पण २३० वॉट उष्णता उचलायला ती जवळपास तेवढीच किंवा जास्त वीज खाते, आणि तापलेल्या बाजूने दोन्हींची बेरीज बाहेर फेकावी लागते. वायू थेट प्रोसेसरवर उकळवणं म्हणजे आम्ही केलं ते. मोठ्या संगणकांत असं शीतकरण नवं नाही. १९७६ साली लॉस अलामॉसला पोचलेला क्रे-१ हा महासंगणक फ्रिऑन या शीतक वायूवर गार होत असे. २००० साली क्रायोटेक या कंपनीने अशाच युक्तीने एक गिगाहर्ट्झच्या ॲथलॉन प्रोसेसरचा संगणक विकायला काढला होता. पण उणे अंशांत चालणारं यंत्र रोज वापरायचं तर फोमची एकही फट वर्षानुवर्षं उघडी पडता कामा नये. माझ्या हाताला ते जमलं नाही, आणि बहुतेकांना जमणार नाही असं मला मनापासून वाटतं.

उरतं ते गार पाणी. मी हेच वापरते आणि हेच करा असं सांगते.

ॲक्रिलिक कापणाऱ्या लेसर मशीनला पाणी गार करणारा छोटा चिलर लागतो. साइनबोर्डवाल्यांच्या दुकानात पायापाशी घरघरत असतो तो. बाजारात त्याला सीडब्ल्यू ५००० किंवा ५२०० म्हणतात. पहिला साधारण पाऊण किलोवॅट उष्णता काढतो, दुसरा त्याच्या दुप्पट. सीडब्ल्यू ३००० मात्र घेऊ नका, त्यात कॉम्प्रेसर नसतो, नुसता रेडिएटर आणि पंखा असतो. मी जुना ५००० घेतला आणि बाबांनी त्याचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी मागची जाळी, साफ करून दिला. एका प्रोसेसरला तो पुरून उरतो, उन्हाळ्यात त्याची ताकद कमी होते हे धरूनही. घेतल्यावर सेटिंग बघा: बरेच चिलर पाणी खोलीपेक्षा दोन अंश खाली ठेवण्याच्या आपोआप पद्धतीवर येतात. आपल्याला ठरावीक अंशाची पद्धत हवी.

चिलर खोलीत ठेवायचा नाही. पाण्यातून काढलेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरची स्वतःची वीज, सगळं तो मागून ओकतो. माझा गॅलरीत आहे, पत्र्याखाली, पावसाची झड लागणार नाही अशा कोपऱ्यात.

यापुढची जोडणी बाबांची. डेअरीत लाइट गेली तरी दूध नासू नये म्हणून टाकीभोवती बर्फाचा साठा करून ठेवतात. त्यांनी विचारलं, “तुझ्या पाण्याचा साठा कुठाय?” नव्हता. मग आम्ही लग्नाकार्यात वापरतात तो रुंद तोंडाचा २० लिटरचा पाण्याचा कॅम्पर आणला. त्यात दहा मीटर तांब्याची नळी कॉइल करून बुडवली. चिलरचं पाणी त्या कॉइलमधून फिरतं आणि परत जातं. कॅम्परमधलं पाणी वेगळंच: ते १२ व्होल्टच्या पंपाने प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या पोकळ ब्लॉकला जातं आणि परत कॅम्परमध्ये येतं. दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. चिलरच्या टाकीतला गाळ ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांत जात नाही, हा एक फायदा.

मोठा फायदा वेळेचा. कॉइल बसल्यावर कॅम्परमध्ये १८ लिटर पाणी मावतं. प्रोसेसर २३० वॉट ओतत असेल तर एवढं पाणी एक अंश चढायला साडेपाच मिनिटं लागतात. म्हणजे चिलर पूर्ण बंद पडला तरी पाणी २६ वरून ३६ वर जायला तासाला जेमतेम पाच मिनिटं कमी. साध्या दोन लिटरच्या जोडणीत हेच सहा मिनिटांत होतं. आमच्याकडे लाइट गेली की संगणक आणि पंप घरच्या इन्व्हर्टरवर जातात, मध्ये एक छोटा यूपीएस, आणि चिलर तसाच बंद राहू देते. कॉम्प्रेसरचा सुरू होतानाचा झटका इन्व्हर्टरवर टाकायचाच नाही. बहुतेक वेळा तासाभरात लाइट येते आणि काम अडलेलंही नसतं. लाइट आल्यावर कॉम्प्रेसरला तीन मिनिटं थांबवणारा स्टॅबिलायझर लावा, फ्रीजला लावतात तोच. आतला दाब समान व्हायच्या आधी सुरू झाला तर कॉम्प्रेसर अडकतो आणि वाइंडिंग जळतं. बाबांनी असे कितीतरी जळके कॉम्प्रेसर डेअऱ्यांतून उतरवलेत.

पाण्याचा अंश किती ठेवायचा, याचं माझं उत्तर ऐकून लोकांचा हिरमोड होतो. २६. बाहेर ३७ असो वा २२, कॅम्परमध्ये २६. मृग लागला, म्हणजे ७-८ जून, की २७, आणि हस्त सरला की पुन्हा २६. कोल्हापूरच्या हवेत याच्या वर दवबिंदू जाणं दुर्मिळ आहे, त्यामुळे ब्लॉकला, पाइपांना, बोर्डाला फोमची गरजच उरत नाही. मग चिलर कशाला, साधा रेडिएटर का नको? कारण रेडिएटरचं पाणी खोलीपेक्षा आठ-दहा अंश वर राहतं. मे महिन्यात ते ४६ होतं. मी २६ वर आहे. हे वीस अंश खरे आहेत आणि जिथे लागतात तिथेच मिळतात. २६ वरून १५ वर उतरायचं तर अकरा अंशांसाठी सगळा फोम, सगळी भीती, आणि रोज संध्याकाळी ढग बघत बसणं पदरी येतं.

प्रोसेसरचं गणितही समजून घ्या. २०२३ पासून माझ्याकडे रायझन ९ ७९५०एक्स आहे. तो पूर्ण लोडला २३० वॉट घेतो, आणि त्यातली बहुतेक उष्णता प्रत्येकी साधारण ७० चौरस मिलिमीटरच्या दोन चिपांतून निघते. नखाएवढी जागा. एवढ्याशा जागेतून उष्णता धातूच्या झाकणात, त्यावर लावलेल्या उष्णतावाहक पेस्टमध्ये, मग तांब्यात यायलाच पन्नास-पंचावन्न अंशांचा फरक पडतो. पाणी २६ असलं तर चिप ८२ च्या आसपास असते. पाणी कितीही गार केलं तरी तो फरक जवळपास तेवढाच राहतो, फक्त सगळं खाली सरकतं. या प्रोसेसरची हद्द ९५ आहे, तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. पूर्वी मे महिन्यात माझं यंत्र दुपारभर ९५ ला टेकून बसायचं आणि नऊ तासांचं काम अकरावर जायचं. आता बाराही महिने नऊ. आणि हो, चिलरला हात घालण्याआधी बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन वॉटची मर्यादा १४२ करून पाहा. पुष्कळांचं काम तिथेच भागतं, वेग फारसा पडत नाही. माझं भागलं नाही, पण तुमचं भागलं तर पुढचा खर्च वाचला.

चिलरवर लावायचा आकडा कॅम्परपेक्षा तीनेक अंश खाली लागतो, कारण कॉइलमधूनही थोडा फरक पडतो. म्हणजे पावसाळ्यात चिलरचं पाणी २४, आणि ते दवबिंदूला चिकटून. त्या दोन पाइपांना मात्र एसीवाले तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी घाला, सांध्यांवर फोमचीच पट्टी. तिथे घाम आलाच तर तो गॅलरीत, परातीत पडतो. बाबांच्या बादलीला अखेर जागा मिळाली ती अशी.

धातूंबद्दल हट्ट धरा. तांबं, पितळ, निकेलचा मुलामा, स्टेनलेस स्टील चालेल. ॲल्युमिनियमचा एक तुकडाही त्या पाण्यात नको. तांब्याबरोबर एकाच पाण्यात तो पडला की गंजून पांढरा चिखल होतो आणि ब्लॉकच्या खाचा बुजतात. पाणी डिस्टिल्ड घ्या, नळाचं नको. गंज आणि शेवाळ रोखणारं तयार कूलंट मिळतं. ते घेताना प्रॉपिलीन ग्लायकॉलचं बघा. एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि घरात लहान मुलं, मांजर असतं. पाइप काळे किंवा गडद रंगाचे, पारदर्शक पाइपात उजेड शिरून शेवाळ धरतं.

सगळं जोडल्यावर लगेच संगणक सुरू करू नका. पंपाला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून २४ तास नुसतं पाणी फिरवा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा. माझ्याकडे एकविसाव्या तासाला एक सांधा पाझरला. कॅम्पर संगणकाच्या खाली, जमिनीवर. चिलरचं अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, बसवा. पाणी आणि वीज एकत्र आल्यावर यात काटकसर करायची नसते.

राखणीला मी एक ईएसपी३२, म्हणजे छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, लावला आहे. त्याला खोलीचं तापमान-आर्द्रता, कॅम्परचं तापमान आणि पाण्याचा प्रवाह कळतो. प्रवाह मिनिटाला दोन लिटरच्या खाली आला किंवा पाणी ३६ च्या वर गेलं तर तो सिम्युलेशन जतन करायला लावून संगणक बंद करतो. पाणी दवबिंदूच्या दोन अंश जवळ आलं तर नुसता बझर. बझर वाजला की संगणक बंद करायची घाई करू नका. चिलर बंद करा आणि काम चालू ठेवा, प्रोसेसरच पाणी तापवेल. तीन अंश चढायला १६-१७ मिनिटं. कॅम्परचा तोटा हाच की पाणी लगेच वर येत नाही, म्हणून इशारा दोन अंश आधी हवा.

खोलीत एसी असणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. एसीने हवा कोरडी होते, दवबिंदू १५ पर्यंत उतरतो, आणि मग पाणी १८ वर न्यायचा मोह होतो. लाइट गेली, एसी थांबला, कुणी दार उघडलं, की जुलैची हवा आत. पाणी मात्र १८ वरच. एसीच्या भरवशावर अंश उतरवू नका. दार बंद असेल तेव्हाचा दवबिंदू धरायचा नाही, उघडं असेल तेव्हाचा धरायचा.

देखभाल थोडीच आहे. चिलरचा कंडेन्सर महिन्याला ब्रशने झाडायचा. फौंड्रीतून येणारे लोक कपड्यांवर काळी वाळू घेऊन येतात, ती तिथे अडकते. पेस्ट दीड-दोन वर्षांनी बदलायची. कॅम्परचं पाणी दसऱ्याच्या यंत्रपूजेच्या आदल्या दिवशी काढते आणि नवं भरते. जुनं पाणी पांढऱ्या बादलीत ओतून बघते. हिरवट दिसलं तर तांबं गंजतंय, तळाशी पांढरा गाळ असेल तर कुठेतरी ॲल्युमिनियम शिरलं आहे, बुळबुळीत लागलं तर शेवाळ. गेल्या दसऱ्याला स्वच्छ निघालं. बाबांनी बोट बुडवून, दूध तपासतात तसं बोटांत चोळून पाहिलं आणि “भर आता” म्हणाले.